मुळा गोड लागला तो दिवस

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. मी ठणठणीत आहे. दोन्ही पाय जागेवर आहेत, पायाची बोटं सगळी आहेत, आणि रोह्याच्या बाजारातलं माझं फळांचं दुकान रोज सकाळी उघडतं. हे लिहिते आहे ते ज्यांना नुकतंच कळलंय की आपल्याला शुगर आहे, आणि ज्यांनी घरी जाऊन टोपलीतल्या आंब्यांकडे बघून डोळे पुसलेत, त्यांच्यासाठी. मीही पुसलेत. पण त्यानंतर माझ्या जिभेनं जी काही धमाल केली, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही!

फोड म्हणजे खाणं नव्हे

आम्ही राहतो अष्टमीला. पूल ओलांडला की रोहा, आणि बाजारात शिरलं की आमचं दुकान. दुकानावर आमच्या ह्यांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे: ‘गोड निघालं नाही तर बदलून देऊ.’ ह्यांची कंपनीत शिफ्ट असते, त्यामुळे दुकान माझं आणि पाटीचा भारही माझ्याच जिभेवर. नवीन माल आला की प्रत्येक टोपलीतलं एक फळ कापायचं, फोड तोंडात टाकायची आणि मगच टोपली पुढे मांडायची. आंबट, पाणचट, तुरट माल मागे. एवढी साधी पद्धत, पण तिच्यावर आमचं नाव उभं होतं. ‘उज्ज्वलाताई हो म्हणाली ना? मग घे,’ असं गिऱ्हाईक गिऱ्हाइकाला सांगायचं.

जीभ मला वडिलांकडून आली. माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं, वडील मिठागरावर कामाला. बोट पाण्यात बुडवून जिभेला लावायचे आणि सांगायचे, अजून ऊन पाहिजे की मीठ धरेल. त्यांची खारट जीभ, माझी गोड. मला तिचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

त्या वर्षी आंब्याचा सीझन जोरात होता. एका दुपारी दुकानात फरशीवर लाल ठसे दिसले. मला वाटलं, आतलं कलिंगड फुटलं. फडकं घेऊन पुसायला लागले, तर ठसे माझ्याच मागे मागे येत होते! आंब्याच्या पेटीचा खिळा चपलेतून आरपार टाचेत घुसला होता आणि मला पत्ताच नव्हता. दुखलंच नाही. मी आपली हळद भरली आणि पुढच्या पेटीकडे वळले.

दुखत नाही म्हणजे बरं आहे असं मी समजले. वाचणाऱ्यांनो, पायाला जखम झाली आणि दुखली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मी आठवडा घालवला. मग पाय सुजला, ताप चढला, आणि माझा भाऊ रिक्षा घेऊन आला तो मला सरळ पेणच्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. रक्ताचा कागद बघून तिनं विचारलं, “गोड खूप खाता का?”

“छे हो! चहा बिनसाखरेचा. मिठाईला हातसुद्धा लावत नाही.”

“फळं?”

“फळं नाही खात. वेळच नसतो.”

आमचे हे भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, “अहो डॉक्टर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोडी चालू असतात तिच्या.”

“त्या मी खाते कुठं?” मी चिडलेच. “चाखते! ते काम हाय माजं.”

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. “काल काय काय चाखलंत?”

मी मोठ्या ऐटीत सांगायला लागले. हापूस, पायरी, मग पपया आल्या, चिकू, दुपारी कलिंगडं, ताडगोळे, परत हापूस, कारण दुसऱ्या बागेचा होता... बोलता बोलता डॉक्टरचा चेहरा बघितला आणि माझाच आवाज हळू होत गेला. इतक्या वर्षांत मला एकदाही वाटलं नव्हतं की पोटाला चाखणं आणि खाणं यातला फरक कळत नाही.

पांघरुणाखालची बोटं

टाचेला चिरा देऊन घाण काढली आणि मला ठेवून घेतलं. दवाखान्याचा दिवस म्हणजे बोटाला सुई, मग चहा, मग ड्रेसिंग, मग परत सुई. ड्रेसिंगची ट्रॉली व्हरांड्यातून खडखडत यायला लागली की मी भिंतीकडे तोंड फिरवायचे. समोरच्या खोलीत एक आजोबा होते, गुडघ्याखाली पाय नसलेले. त्यांचं काय आणि कसं झालं मी कोणालाच विचारलं नाही. सकाळी डोळे उघडले की चादर वर करून आधी स्वतःची बोटं मोजायची, मग देवाचं नाव घ्यायचं. खूप घाबरले होते मी. ह्यांना दाखवत नव्हते, आणि ते मला दाखवत नव्हते. दोघंही आंब्याचा भाव काय चाललाय यावर बोलत बसायचो.

माझ्या शेजारच्या खाटेवर कुंदाताई होत्या. जिते गावच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, मनगट मोडून आलेल्या. प्लॅस्टर नसलेल्या हातात सतत गाजर! कुर्रम कुर्रम आवाज ऐकून मी पहिल्या दिवशी वैतागले, दुसऱ्या दिवशी विचारलं, “जेवण का नाही घेत?”

“हेच जेवण. बरीच वर्षं झाली. बहुतेक कच्चंच खाते मी. भाज्या, मोड, ओलं खोबरं, थोडं फळ.”

“आणि गोड वाटतं का तोंडाला?”

त्या हसल्या. “उज्ज्वला, तू फळवाली ना? तुला तर कळेल. जीभ झोपलेली असते गं. साखरेची सवय लागली की ती बाकीच्या कशाला उठतच नाही.”

फळवालीला जीभ झोपली आहे म्हणणं! मला असा राग आला म्हणून सांगू! पण डिस्चार्जच्या दिवशी मीच डॉक्टरला विचारलं, हे कच्चं खाणं मला चालेल का. डॉक्टरनं सरळ हो म्हटलं नाही. गोळ्या एकही चुकवायची नाही, थोड्या थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं, भाज्या नीट धुवायच्या, फळ मोजकंच, आणि चक्कर आली तर हट्ट न करता फोन करायचा, असं सगळं कबूल करून घेतलं. “एक वेळ कच्चं, एक वेळ साधं जेवण. बघू या,” म्हणाली. मी उत्साहाच्या भरात दोन्ही वेळा कच्चं सुरू केलं आणि पुढच्या तपासणीत ओरडा खाल्ला, ते सोडा.

शेळीसारखा पाला

पहिले दिवस वाईट गेले. काकडी पाण्यासारखी, कोबी कागदासारखा. मला चिकू आठवायचे. नुसते आठवायचे नाहीत, दिसायचे! पावसाळा होता म्हणून बरं, दुकानात सफरचंदं आणि केळी, त्यात चाखायचं फारसं नव्हतं. दुकानात मी मन मारून राहायचे आणि घरी आल्यावर भडकायचे.

घरात वेगळाच तमाशा. माझ्या सासूबाईंना आम्ही आई म्हणतो. आईंचा स्वयंपाक म्हणजे सगळ्या आळीत वास जाणारा. त्यांनी केलेल्या वालाच्या बिरड्याला नाही म्हणणारी घरातली पहिली बाई मी.

“शेळीवानी पाला काय चावतेस गो?” त्या ताट सरकवून म्हणाल्या. “माज्या हातचा आता तुला नकोसा झाला काय?”

“आई, तसं नाय ओ. पायासाठी करते.”

“पाय माजा पन दुकतो. मी खाते काय गवत?” आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पदर तोंडाला लावून चुलीकडे बघत बसायच्या. मला त्याचं पायापेक्षा जास्त दुखलं, कारण आजारपणात माझ्या टाचेची पट्टी त्यांनीच बदलली होती.

त्यांचं मन राखायचं म्हणून मी एक शहाणपण केलं. त्यांनी बिरड्यासाठी मोड आणून सोललेले वाल ठेवले होते. म्हटलं, मोड म्हणजे कच्चं खाणंच की! तुमच्या हातचं पण झालं आणि माझं व्रतही राहिलं. वाटीभर कच्चे वाल खाल्ले. त्यानंतर पोटात जी कालवाकालव सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत, उलट्या वेगळ्या. फोनवर डॉक्टर आधी घाबरली आणि मग संतापली, “कच्चे वाल खायचे नसतात! मूग खा, मटकी खा, वाल शिजवूनच.” आई उशाशी बसून माझी पाठ चोळत होत्या आणि अबोला विसरून म्हणत होत्या, “गुरांना सुद्धा आमी कच्चे घालीत नाय गो, येडे!” तेव्हापासून घरात तह झाला. दुपारी कच्चं माझं, रात्री भाकरी आणि भाजी आईंची.

मुळा!

थंडी पडली तशी भाजीवाल्यांकडे मुळे आले. मी दुपारी दुकानातच डबा उघडून बसायचे. त्या दिवशी मुळ्याच्या चकतीचा घास घेतला, आणि थांबले. परत एक चकती घेतली. मुळा गोड होता! आधी तिखट झिणझिण, आणि मागून, अगदी शेवटी, गोड. साखरेचा गोडवा नाही, उसाच्या शेंड्याला असतो तसा. मी गाजर चावलं. मिठाई! ओलं खोबरं चावलं तर दूधसाखर!

मी उठून शेजारच्या भांडीवाल्याला मुळा नेऊन दिला. “खा! गोड हाय की नाय?”

त्यानं खाल्ला आणि माझ्याकडे काळजीनं बघितलं. “ताई, मुळा हाय ह्यो.”

कुंदाताईंना फोन लावला. मी इतकी ओरडत होते की त्यांना आधी काही कळेच ना. मग त्या म्हणाल्या, “उठली का एकदाची?” आणि दोघी फोनवर हसत सुटलो.

ते दिवस म्हणजे जत्रा होती. रोज काहीतरी नवीन गोड सापडायचं. वडखळला रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा लागतात, त्यातली एक ह्यांनी आणली. त्यातला कांदा मी फळासारखा खाल्ला. पेरूच्या सालीत, पालकाच्या देठात, भिजवलेल्या शेंगदाण्यात गोडी! उलट एके दिवशी सणाचा म्हणून पेढ्याचा कण जिभेवर ठेवला तर घसा धरला. ज्या चिकूची मी स्वप्नं बघितली होती, त्याची फोडसुद्धा अर्धी टाकून दिली. सोडावा लागला म्हणून सोडला नाही हो, नकोच वाटला! ज्यांना आत्ता वाटतंय की आयुष्यातली गोडी संपली, त्यांना मला हेच ओरडून सांगायचंय.

पाय भरून आला. रक्ताचे कागद सुधारत गेले. डॉक्टरनं एक गोळी कमी केली, बाकीच्या अजून चालू आहेत आणि त्याची मला लाज नाही. आता दुकानात चाखायला नखाएवढा तुकडा चालेल, असंही म्हणाली. मला वाटलं, जिंकले.

हमीदचाचा

रोह्याकडे भात निघालं की कालव्याच्या पाण्यावर कलिंगडं करतात. फेब्रुवारी-मार्चला टेम्पो भरभरून येतात. त्या वर्षी नेमका त्यातच रमजान आला. अष्टमीतले हमीदचाचा आमचं जुनं गिऱ्हाईक. रोजा सोडायला त्यांच्या घरी कलिंगड आमचंच.

पहिला टेम्पो आला. मी तिकोनी तुकडा कापला, नखाएवढा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. साखर! दुसरं कापलं. साखर! “सगळा माल पुढे लावा,” मी ह्यांना सांगितलं. असा माल कित्येक वर्षांत आला नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून सांगत होते. संध्याकाळपर्यंत निम्मा टेम्पो संपला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी माणसं उभी. कोणाच्या हातात अर्धं कलिंगड, कोणाच्या पिशवीत फोडी. “पाणचट.” “काकडी बरी याच्यापेक्षा.” “ताई, तुम्ही तरी असं करायला नको होतं.” मी वेड्यासारखी एकेकाच्या फोडीचा कण तोंडात टाकून बघत होते, आणि मला प्रत्येक फोड गोड लागत होती.

सगळ्यांत शेवटी हमीदचाचा आले. हातात काही नव्हतं. टोपी सारखी करत हळूच म्हणाले, “बदलून नको गो बाय. पन रोजा सोडताना पोरांनी तोंडं केली नि फोडी तशाच ठेवल्या. बिमारीत तुजी जीब गेली काय?”

पाटीकडे बघायची हिंमत झाली नाही. आत जाऊन रिकाम्या पेटीवर बसले आणि रडले.

ह्यांनी घरी सरळ सांगितलं, “हा पाला सोड आता. पहिल्यासारखं खा, जीभ येईल परत. दुकान बुडलं तर काय करायचं?”

“आणि पाय?” मी विचारलं.

एका बाजूला माझा पाय आणि दुसऱ्या बाजूला माझं नाव, दोन्हींत निवडायचं कसं? दवाखान्यात इतकी भीती वाटली नव्हती. तिथे निदान काय करायचं ते डॉक्टर सांगायची.

आईंची कोपरं

तोवर दुसरा माल आला होता. आई म्हणाल्या, “मी चाखते. माजी जीब काय मेली नाय.” त्यांना रिक्षात घालून दुकानात आणलं. पण आईंची एक अडचण होती. त्यांना काहीही दिलं की त्या म्हणायच्या, “बरा हाय.” पाणचट दिलं, बरा हाय. आंबट द्राक्ष दिलं, बरा हाय. कोणाच्या कष्टाच्या मालाला वाईट कसं म्हणायचं, हा त्यांचा हिशेब. तासाभरात ह्यांनी कपाळाला हात लावला.

मी एक कलिंगड कापून कण तोंडात टाकला आणि माझं तोंड असं वाकडं झालं की काय सांगू! गोडमिट्ट! जीभ चिकटली, डोळे बारीक झाले. “हे नको, हे काढून टाका,” म्हणत मी फोड आईंच्या ताटलीत टाकली.

थोड्या वेळानं बघते तर आईंनी ती फोड संपवून दुसरी उचलली होती. तिसरीही. रस हातावरून कोपरांपर्यंत ओघळत होता, पदर भिजला होता, आणि त्या काही बोलतच नव्हत्या!

“आई, कसं हाय?”

“याला काय झाला गो?” त्या तोंड भरलेलं असतानाच म्हणाल्या. “मधावानी हाय! आजून काप!”

मी सुरी हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग दुसरं कलिंगड कापलं. मला छान गोड लागलं. आईंच्या ताटलीत ठेवलं. “बरा हाय,” म्हणाल्या आणि फोड अर्धी ठेवली. तिसरं कापलं. माझं तोंड वाकडं. आईंची कोपरं ओली!

“अहो!” मी दुकानातून अशी ओरडले की भांडीवाला धावत आला. “जीभ गेली नाय माजी! ती बारीक झाली! मला गोड लागतं ते मागे ठेवा, आणि तोंड वाकडं होईल ते पुढे लावा!”

तो सगळा टेम्पो आम्ही तसाच लावला. त्यातली दोन हमीदचाचांच्या घरी ह्यांच्या हाती पाठवली. दुसऱ्या दिवशी एकही फोड परत आली नाही. तिसऱ्या दिवशी आळीतल्या बायका दुकानासमोर उभ्या राहून म्हणायला लागल्या, “ताई, आमच्या समोर चाखा. तोंड वाकडं करून दाखवा, मगच घेऊ!” मी तोंड वाकडं केलं की हशा पिकायचा आणि कलिंगड विकलं जायचं. आंबे आले, तीच पद्धत. मला स्वतःला जे आवडतं ते मागच्या टोपलीत, त्यातली एखादी फोड डॉक्टरनं सांगितलेल्या मापात माझी.

ईदच्या आदल्या दिवशी

दुपारी हमीदचाचा आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. कागद सोडला तर आत अर्धं कलिंगड, आतून फिकट, अगदी गुलाबीसुद्धा नाही.

“आमच्याकडचं नाय हे,” मी घाईनं म्हटलं. “असलं मी पुढे लावतच नाय आता.”

“तुज्याकडचा नाय गो,” चाचा म्हणाले. “काल पेणवरून येताना रस्त्यात घेतला. घरात कोणीच खाय ना. बायको बोलली, बकरीला घाल. मी बोललो, थांब. रोह्यात एक बाय हाय, तिला ह्योच गोड लागंल.”

मी सुरी घेतली आणि मापाची फोड कापली. खाल्ली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी मला फळ भेट दिलं होतं. सगळे घाबरून माझ्यासमोरून फळं लपवत होते, आणि हा माणूस माझ्या जिभेसाठी निवडून घेऊन आला होता.

“कसा हाय?” चाचांनी विचारलं.

“साखर!” मी म्हटलं, आणि डोळे भरून आले तसेच राहू दिले.

आईंनी मागून हात घालून एक तुकडा उचलला, चघळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड वाकडं करून म्हणाल्या, “पाणचट हाय गो.”